बिशप मातेउस द कास्त्रो आणि वेंगुर्ल्याचे वलंदेज व्यापारी

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाचा हा मंगल प्रसंग. अशा वेळी ज्यांनी मंदिराचा पाया घातला, ज्यांनी घंटा आणविली, ज्यांनी पावसाळ्यात होडीने व उन्हाळ्यात पायी वाड्यावाड्यांतून फिरून आजाऱ्यांस अंत्यसंस्कार दिले, त्या सर्वांचे आम्ही कृतज्ञतेने स्मरण करितो. परंतु ह्या सर्वांच्या पूर्वी, सुमारे चारशे वर्षांमागे, ह्याच किनाऱ्यावर एक मेंढपाळ वावरून गेला. तो ह्याच मातीचा, आमच्याच भाषेचा व आमच्याच वर्णाचा होता. लॅटिन विधीच्या ख्रिस्तमंडळीत बिशपपदास चढलेला तो पहिला भारतीय होय. त्याचे नाव मातेउस द कास्त्रो. इतिहासाच्या अभ्यासकांस हे नाव सुपरिचित आहे. आमच्या घरांतून मात्र ते क्वचितच ऐकू येते. ह्या विस्मरणास कारण आहे. ह्या पुरुषाचे चरित्र परदेशी व्यापाऱ्यांच्या जहाजांशी, वखारींशी व वैरांशी इतके गुंतलेले आहे की, त्याची स्तुती करू पाहणारा मध्येच थबकतो आणि निंदा करू पाहणाराही थबकतो. तरीही ते चरित्र सांगितलेच पाहिजे असे आम्हांस वाटते; कारण आमच्या श्रद्धेच्या इतिहासातील एक अवघड धडा त्यात भरलेला आहे.

प्रथम त्या काळाची स्थिती वाचकांनी ध्यानात आणावी. वास्को द गामा १४९८ साली कालिकतास पोहोचला आणि १५१० साली फिरंग्यांनी गोवे घेतले. तेव्हापासून शंभर वर्षे आमच्या समुद्रावर पोर्तुगालच्या राजाचा शब्द चालला. मालवण असो, वेंगुर्ले असो, की दाभोळ असो, कोणत्याही बंदराच्या गलबतास राजाचा परवाना, ज्यास कर्ताझ म्हणत, घेतल्यावाचून दूरच्या सफरीस निघणे धोक्याचे होते. परवाना नसलेले तारू मालासकट जप्त होई. जी गोष्ट मिऱ्यांची व घोड्यांची, तीच गोष्ट धर्मगुरूंची. पोप महाराजांनी पोर्तुगालच्या राजास पूर्वेकडील ख्रिस्तमंडळीचे पालकत्व दिले होते. बिशपांची नावे राजाने सुचवावी, मंदिरांचा खर्च राजाने सोसावा, आणि धर्मगुरूंनी लिस्बन बंदरातून राजाच्या जहाजाने यावे, असा तो करार होता. ह्या व्यवस्थेने पुष्कळ चांगले झाले. फ्रान्सिस झेविअरसारखा संत ह्याच मार्गाने आम्हांस लाभला. परंतु ज्या घरास एकच दार असते त्या घरात कोणी शिरावे हे दारवानाच्या मर्जीवर राहते. व्यापाराची किल्ली व धर्माची किल्ली एकाच जुडग्यात होती, हे विसरून पुढील कथा समजावयाची नाही.

मातेउस यांचा जन्म १५९४ च्या सुमारास मांडवी नदीतील दिवाडी बेटावर, एका ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण घराण्यात झाला. महाले हे त्यांचे कुळनाव सांगितले जाते. बार्देशातील रेईश मागुश येथे फ्रान्सिस्कन संघाच्या विद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. बुद्धी तल्लख, स्वभाव मानी, आणि मनात एकच इच्छा, की आपण धर्मगुरू व्हावे. गोव्यात काही देशी तरुणांस गुरुदीक्षा मिळत असे, नाही असे नाही. परंतु धर्मसंघांची दारे त्यांस बंद होती, वरची पदे त्यांच्यासाठी नव्हती, आणि कोणास दीक्षा द्यावी हे सर्वस्वी आर्चबिशपांच्या इच्छेवर होते. त्या वेळच्या आर्चबिशपांनी मातेउस यांस दीक्षा नाकारली. दुसरा कोणी असता तर खिन्न होऊन वडिलांच्या शेतीकडे वळला असता. ह्या तरुणाने निराळाच बेत केला. गोव्यात दार बंद, तर रोमला जावे. आणि लिस्बनची वाट बंद, तर खुष्कीने जावे.

खुष्कीची वाट म्हणजे व्यापाऱ्यांची वाट. आगबोटींच्या युगात वाढलेल्या पिढ्यांना त्या वाटेची कल्पना येणे कठीण. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याचे कापड, नीळ व मसाले गलबतांतून इराणी आखातात जात. तेथून उंटांच्या तांड्यांवर चढून इराण व तुर्कस्थान ओलांडीत भूमध्य समुद्राच्या काठी पोहोचत. मुसलमान, यहुदी, गुजराथी वाणी आणि आर्मेनियन ख्रिस्ती असे नाना धर्मांचे लोक एकमेकांच्या हुंडीवर व शब्दावर विसंबून हा माल हातोहात पुढे करीत. इराणची राजधानी इस्फहान येथे रेशमाच्या व्यापारात गढलेल्या आर्मेनियन ख्रिस्त्यांची मोठी वसाहत होती आणि १६०७ पासून कार्मेलाईट धर्मगुरूंचा मठही होता. हेच कार्मेलाईट पुढे गोव्यासही आले. त्यांच्या साहाय्याने मातेउस इराणच्या मार्गाने निघाले. पदरी ना जहाज, ना राजाचा परवाना. व्यापाऱ्यांच्या तांड्यांनी शेकडो वर्षे तुडवून मळविलेली ती वाट चालत हा दिवाडीचा तरुण १६२५ साली रोमनगरीत दाखल झाला.

तो तेथे योग्य वेळी पोहोचला. तीनच वर्षांपूर्वी, १६२२ साली, पोप पंधरावे ग्रेगरी यांनी श्रद्धाप्रसारासाठी एक नवे मंडळ स्थापिले होते. धर्मप्रसाराचे काम राजांच्या हातून हळूहळू काढून ख्रिस्तमंडळीने स्वतःच्या हाती घ्यावे, आणि प्रत्येक देशात त्याच देशाचे धर्मगुरू तयार व्हावेत, असा ह्या मंडळाचा हेतू होता. त्याचे पहिले सचिव फ्रान्चेस्को इंगोली हे फार दूरदृष्टीचे गृहस्थ होते. त्यांच्यापुढे येऊन उभा राहिलेला हा भारतीय तरुण म्हणजे त्यांच्या विचारांचा जणू मूर्तिमंत पुरावाच होता. मातेउस यांचा अभ्यास रोममध्ये पुरा झाला, १६३० च्या सुमारास त्यांस गुरुदीक्षा मिळाली, आणि मानाची पदवी घेऊन ते १६३३ साली गोव्यास परतले. तेथे त्यांच्या कागदपत्रांवर संशय घेण्यात आला. रोमने दिलेले अधिकार त्यांस चालवू देण्यात आले नाहीत. १६३६ साली ते पुन्हा रोमला गेले. आणि १६३७ साली तेथे त्यांस क्रिसोपोलिसचे नामधारी बिशप म्हणून अभिषेक झाला. विजापूरच्या आदिलशहाचा मुलूख, म्हणजे फिरंग्यांच्या सत्तेबाहेरील कोंकण व घाटमाथा, हे त्यांचे कार्यक्षेत्र ठरले. ह्यातच आजचा आमचा सिंधुदुर्ग येतो.

आता योगायोग पाहावा. त्याच १६३७ साली वलंदेज, म्हणजेच डच, वेंगुर्ल्यास उतरले. हॉलंडच्या व्यापाऱ्यांनी १६०२ साली आपली संयुक्त पूर्व भारत कंपनी काढली होती. ती नावाची कंपनी असली तरी तिला लढाऊ जहाजे बाळगण्याचा, किल्ले बांधण्याचा व तह करण्याचा अधिकार होता. ह्या कंपनीचे मुख्य ठाणे जावा बेटावर बटाव्हिया येथे, जेथे आज जकार्ता आहे, तेथे होते. जपानपासून इराणपर्यंत तिच्या वखारींची माळ गुंफली जात होती. एका बंदराचे कापड देऊन दुसऱ्या बंदराचे मसाले घ्यावेत आणि त्या मसाल्यांवर तिसऱ्या बंदराची चांदी मिळवावी, अशी तिची रीत. ह्या माळेत गोवे हा मोठा अडथळा होता. म्हणून १६३६ पासून पावसाळा सरताच वलंदेजांचे आरमार मांडवीच्या मुखाशी येऊन उभे राही व लिस्बनची जहाजे अडवून धरी. महिनोन्महिने समुद्रात राहणाऱ्या ह्या आरमारास तांदूळ, पाणी, लाकूड व विसावा ह्यांची गरज होती. गोव्याच्या उत्तरेस जवळच असलेले वेंगुर्ले त्यास सर्वांत सोयीचे. कंपनीचा वकील योहान व्हान ट्विस्ट विजापूरच्या दरबारी गेला आणि मुहम्मद आदिलशहाने वखारीची परवानगी दिली. फिरंग्यांस शह देणारा कोणी मिळाला तर आदिलशहास तो हवाच होता.

अशा रीतीने वेंगुर्ले हे एकाएकी जगाच्या नकाशावर आले. घाटमाथ्यावरून उतरणारे बैलांचे तांडे तेथे धान्य व कापड आणीत. किनाऱ्याची मिरी तेथे तोलली जाई. बटाव्हियाची व इराणची पत्रे तेथे उतरत व चढत. १६४८ साली ताव्हेर्निये हा प्रसिद्ध फ्रेंच रत्नव्यापारी सुरतेहून वलंदेजांच्या जहाजाने येथेच उतरला, आणि वलंदेजांच्या आरमारास येथे पाणी व शिधा मिळतो हे त्याने आपल्या प्रवासवृत्तात नमूद केले.

बिशप मातेउस खुष्कीच्या मार्गाने परत आले तेव्हा गोव्यातील धर्माधिकाऱ्यांनी त्यांची नेमणूक मान्य केली नाही. म्हणून त्यांनी आदिलशाही मुलखात, डिचोलीस, आपले ठाणे केले. डिचोली आज गोव्यात असली तरी त्या काळी विजापूरच्या अमलाखाली होती. तेथे त्यांनी देशी तरुणांस शिकविले व गुरुदीक्षा दिली. डिचोली, बांदे आणि वेंगुर्ले येथे त्यांच्या काळी प्रार्थनामंदिरे उभी राहिली. बांदे हे तेरेखोलच्या काठचे जुने व्यापारी गाव आणि वेंगुर्ले हे बंदर. जेथे व्यापाराची वर्दळ तेथे कामधंद्यास आलेले गोव्याचे ख्रिस्ती लोक, खलाशी, कारागीर, आणि धर्मसमीक्षेच्या न्यायासनाच्या भयाने सीमा ओलांडलेली कुटुंबे, ह्यांची वस्ती. ह्या मेंढरांस मेंढपाळ नव्हता. गोव्याचे धर्मगुरू सीमेपलीकडे क्वचितच येत. बिशप मातेउस व त्यांनी दीक्षा दिलेले पुरोहित त्यांच्यामध्ये मिस्सा करू लागले, बालकांचे बाप्तिस्मे करू लागले. आज सिंधुदुर्गातील आम्ही ख्रिस्ती लोक ज्या वृक्षाच्या सावलीत बसलो आहोत, त्याच्या मुळांपैकी एक मूळ हे आहे, असे आम्ही मानतो.

येथपर्यंत कथा सरळ आहे. येथून ती वाकडी होते.

गोव्याशी वैर पडले म्हणजे गोव्याच्या वैऱ्याशी स्नेह करण्याचा मोह होतो. वेंगुर्ल्याची वखार डिचोलीहून फार दूर नव्हती. वलंदेजांच्या जहाजांतून प्रवास करता येई, पत्रे जाऊ शकत, आणि त्या पत्रांवर फिरंग्यांची नजर पडत नसे. बिशप मातेउस यांनी वेंगुर्ल्याच्या वलंदेजांशी संबंध जोडले. विजापूरच्या दरबाराशी त्यांचे जाणेयेणे होतेच. पण हे वलंदेज कोण होते? ते कॅल्व्हिनपंथी प्रॉटेस्टंट. पोप महाराजांस न मानणारे, आणि जेथे त्यांची सत्ता बसली तेथे आमच्या पंथाची उपासना बंद करणारे. १६४१ साली त्यांनी मलाक्का घेतले. संत फ्रान्सिस झेविअर यांनी जेथे उपदेश केला त्या नगरात कॅथॉलिक मिस्सा उघडपणे होईनाशी झाली. १६५८ पर्यंत लंकेचा सागरकिनारा त्यांच्या हाती गेला आणि तेथील कॅथॉलिक जनतेवर धर्मगुरूंवाचून राहण्याची पाळी आली. वेंगुर्ल्यास मात्र त्यांना कॅथॉलिक बिशपाचा उपद्रव नव्हता. उलट उपयोगच होता. व्यापाऱ्याचा स्नेह नफ्यातोट्याच्या वहीत लिहिलेला असतो, हे येथे स्पष्ट दिसते.

१६४४ च्या सुमारास बिशपमहाराज तिसऱ्यांदा रोमला गेले. त्यांच्यावर इथिओपियाच्या ख्रिस्तमंडळीचे काम सोपविण्यात आले आणि ते तांबड्या समुद्राकडे गेले. परंतु त्या देशाचे दरवाजे कॅथॉलिक धर्मगुरूंस तेव्हा बंद होते. काही वर्षांनी ते पुन्हा डिचोलीस आले. १६५३ साली त्यांनी गोव्यातील ब्राह्मण ख्रिस्ती लोकांस उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले. त्यात फिरंगी अधिकाऱ्यांच्या व काही धर्मसंघांच्या अन्यायावर जळजळीत टीका होती. पुढच्याच वर्षी, १६५४ साली, आदिलशाही फौजा बार्देश व सासष्टीत घुसल्या व शेवटी परतविल्या गेल्या. ह्या स्वारीमागे व वलंदेजांच्या हालचालींमागे मातेउस यांची चिथावणी आहे, असा आरोप गोव्यात उघड होऊ लागला. त्यांस द्रोही म्हणण्यात आले.

आम्ही येथे न्यायाधीश होऊन बसू इच्छीत नाही. त्यांच्यावर झालेला अन्याय खरा होता. केवळ जन्माने देशी म्हणून एका गुणी पुरुषास दाराबाहेर ठेवणे, रोमची पत्रे हाती असताही त्यास खोटा ठरविणे, हे ख्रिस्ताच्या नावास शोभणारे नव्हते. आणि ह्या अन्यायाचे दुःख आमच्या आजोबा-पणजोबांनीही निरनिराळ्या रूपाने सोसले आहे. परंतु त्यांचे दोषही खरे होते. त्यांची वाणी कटू होती. आपल्या जातीचा अभिमान त्यांनी सोडला नाही. त्यांचे पत्र ब्राह्मण ख्रिस्त्यांस उद्देशून होते. कुणबी, गावडे, खारवी ह्यांचे दुःख त्यात मुख्य नव्हते. गोऱ्या वर्णाच्या गर्वाशी लढणाऱ्याने जातीच्या गर्वास अंतःकरणात थारा दिला, ही गोष्ट आम्हांस अंतर्मुख करणारी आहे. आणि मेंढरांच्या गावावर फौज येते तेव्हा जळणारे घर कोणत्या पक्षाचे आहे हे ज्वाळा विचारीत नाहीत. बार्देश व सासष्टीतील ज्या गरीब ख्रिस्ती शेतकऱ्यांनी १६५४ ची धावपळ भोगली, त्यांस राजे व व्यापारी ह्यांच्या डावपेचांशी काय कर्तव्य होते?

१६५८ साली बिशप मातेउस रोमला गेले ते पुन्हा मायदेशी परतले नाहीत. श्रद्धाप्रसार मंडळाच्या आश्रयास त्यांनी उरलेले आयुष्य काढले आणि १६७७ साली तेथेच देह ठेविला. दिवाडीच्या मुलाची माती टायबर नदीच्या काठी मिसळली. त्यांचे काम मात्र अगदी वाया गेले नाही. १६६९ साली त्यांच्या जागी कुस्तोदियु द पिन्यु ह्या दुसऱ्या गोमंतकीय धर्मगुरूंची नेमणूक झाली आणि मातेउस यांचे पुतणे तोमास द कास्त्रो यांस कानडा प्रांताकडील अधिकार मिळाला. हे क्षेत्र पुढे कार्मेलाईट धर्मगुरूंकडे गेले. आणि १७२० साली इंग्रज कंपनीने मुंबईतून पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांस घालवून ह्या कार्मेलाईट बिशपांस तेथे बोलाविले. पुन्हा एकदा परदेशी व्यापाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी धर्माधिकारी बदलला! मातेउस यांच्यासाठी निर्माण झालेला अधिकार अशा रीतीने मुंबईस पोहोचला. आमचा मुलूख पुढे पुणे धर्मप्रांतात मोडू लागला, आणि २००५ साली सिंधुदुर्गाचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन होऊन सावंतवाडीस बिशपांचे आसन आले. आदिलशाही कोंकणासाठी पहिला बिशप नेमला गेल्यापासून ह्या गोष्टीस तीनशे अडुसष्ट वर्षे लागली.

आणि वलंदेज? त्यांचेही दिवस भरले. १६६४ साली शिवाजी महाराजांनी ह्या किनाऱ्याकडे मोर्चा वळविला व मालवणास सिंधुदुर्गाची उभारणी सुरू केली. गोव्याची नाकेबंदी १६६३ नंतर संपली होती. नाकेबंदी संपताच वेंगुर्ल्याचे महत्त्व ओसरले. सतराव्या शतकाच्या अखेरीस वलंदेज येथून निघून गेले. वेंगुर्ल्यात त्यांच्या वखारीच्या जाड दगडी भिंती आजही उभ्या आहेत. छप्पर गेले आहे, मुळ्यांनी चिरे पोखरले आहेत. जेथे बटाव्हियाच्या वह्या लिहिल्या जात, तेथे आता पाखरांची वस्ती आहे.

ह्या कथेस एक जोडकथा आहे, ती सांगितल्यावाचून लेखणी खाली ठेववत नाही. मातेउस रोममध्ये वृद्ध होत होते तेव्हा गोव्यात बाणावलीचा एक तरुण धर्मगुरू होऊ घातला होता. त्याचे नाव योसेफ वाझ. तोही देशी, तोही ब्राह्मण कुळातला, त्यालाही तेच बंद दरवाजे. १६८१ साली तो कानडा प्रांतात गेला, तेव्हा लिस्बनचा पक्ष व रोमचा पक्ष ह्यांच्या भांडणाने तेथील ख्रिस्तमंडळी दुभंगली होती आणि रोमच्या बाजूस उभे होते ते मातेउस यांचे पुतणे तोमास. योसेफ वाझ यांनी कोणाचा अपमान न करिता मेंढरांची सेवा केली. पुढे १६८७ साली ते लंकेत उतरले, तेही वलंदेजांच्याच राज्यात. परंतु ते वलंदेजांचे मित्र म्हणून गेले नाहीत, वैरी म्हणूनही गेले नाहीत. मजुराच्या वेषात, फाटक्या वस्त्रांनी, भिक्षा मागत गेले. कांडीच्या राजाने त्यांस फिरंग्यांचा हेर समजून बंदीत टाकले, आणि त्याच राजधानीत पुढे त्यांनी लंकेच्या ख्रिस्तमंडळीस नवा जन्म दिला. १७११ साली ते तेथेच निवर्तले. २०१५ साली कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांस संतपद दिले.

दोघेही ह्याच मातीचे, दोघांवरही तोच अन्याय, दोघांच्या वाटेत तेच वलंदेज व्यापारी. एकाने त्यांच्या जहाजाचा आधार घेतला. दुसऱ्याने त्यांच्या पहाऱ्यातून अनवाणी वाट काढली. म्हणून एकास तुच्छ लेखावे असा आमचा आशय नाही. पहिल्याने दाराशी धडका दिल्या नसत्या, तर देशी माणूस बिशप होऊ शकतो हे रोमलाही इतक्या लवकर कळले नसते. पण उसन्या गलबताचे भाडे केव्हा ना केव्हा द्यावेच लागते, आणि ते पुष्कळदा मेंढपाळाऐवजी मेंढरांकडून वसूल होते, एवढे ह्या चरित्रावरून आम्ही शिकावे.

ह्या धर्मग्रामातील कितीतरी कुटुंबांची मुले आज जहाजांवर, आखाती देशांत व मुंबईत चाकरीस आहेत. व्यापाराच्या त्याच प्राचीन वाटांवर ती चालत आहेत. त्यांनी धाडलेल्या पैशांतून घरे उभी राहतात, मंदिरांस रंग लागतो, हे चांगलेच आहे. त्या वाटांचा उपयोग करावा. मन मात्र त्या वाटांच्या मालकांस विकू नये. महोत्सवाच्या ह्या दिवशी वेदीपुढे मेणबत्ती लावताना एक मेणबत्ती दिवाडीच्या त्या मानी, दुःखी, धाडसी बिशपासाठीही लावावी, अशी आमची सर्व बंधुभगिनींस विनंती आहे. प्रभू त्यांच्या आत्म्यास चिरशांती देवो, आणि आम्हांस त्यांचे धैर्य व संत योसेफ वाझ यांची नम्रता ह्या दोहोंचा लाभ करून देवो.